ईल्सचा 'इलेक्ट्रो-शॉक ब्लूज': गेलेल्या बहिणीच्या तोंडून भावाने 'मी' म्हणावं का?

अर्धीवही:

'ईल्स' हा अमेरिकन बँड इथे कोणी ऐकतं का? बँड म्हणायचं एवढंच, एरवी सगळा कारभार एकाच माणसाचा. मार्क ऑलिव्हर एव्हरेट, स्वतःला नुसतं 'ई' म्हणवतो. लिहितो तोच, गातो तोच, बाकीचे वादक येतात-जातात.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९६ मध्ये त्यांचा 'ब्यूटिफुल फ्रीक' हा अल्बम आला आणि त्यातलं 'नोवोकेन फॉर द सोल' बऱ्यापैकी गाजलं. त्याच वर्षी ई ची थोरली बहीण एलिझाबेथ हिने आत्महत्या केली. पाठोपाठ आईला फुप्फुसाचा कर्करोग. वडील तर १९८२ मध्येच हृदयविकाराने गेले होते, ५१ व्या वर्षी, आणि बिछान्यात ते सापडले ते १९ वर्षांच्या मार्कलाच. १९९८ मध्ये 'इलेक्ट्रो-शॉक ब्लूज' आला, त्याच वर्षी आईही गेली. चौघांच्या घरातला हा एकटा उरला.

आता माझी अडचण. अल्बममध्ये १६ गाणी आहेत. पहिल्याचं नावच 'एलिझाबेथ ऑन द बाथरूम फ्लोअर'. शांत गिटार, जवळजवळ अंगाईची चाल. बोलते आहे ती बहीण. बाथरूमच्या फरशीवर पडली आहे, मांजर गाल चाटतंय, कुणाचा तरी फोन आलाय तर म्हणते, सांगा मी घरी नाही. शेवटी स्वतःचं नाव सांगते आणि आयुष्याला एक सणसणीत शिवी घालते. दोन मिनिटांत खेळ खलास.

मी गाणी शब्दांसाठी ऐकणारा माणूस. वाद्यांतलं मला फारसं कळत नाही. हे गाणं ऐकून मी थक्क झालो आणि त्याच दमात मला अवघडल्यासारखंही झालं. भावाने स्वतःचं दुःख गावं, हवं तेवढं गावं. पण तिच्या शेवटच्या काळात शिरून तिच्या जागी 'मी' म्हणायचं? ती हो म्हणायला किंवा नको म्हणायला उरलेली नाही. दुसरं असं की पुढची निम्मी गाणी चालीने चक्क मजेदार आहेत. खेळण्यातल्यासारखी वाद्यं, ठेका धरायला लावणारे ड्रम, आणि शब्द बघावेत तर इस्पितळ, गोळ्या, अंत्यविधी. हे मुद्दाम केलंय हे कळतं. कशासाठी, ते कळत नाही.

जाणकारांनी सांगावं. 'ऐकायचं तर ऐका नाहीतर सोडा' छाप उत्तरं नकोत.

सडेतोड:

सोडा असं म्हणत नाही, पण तुम्हाला अवघडल्यासारखं झालं ते योग्यच झालं. घरातली मढी उकरायची आणि तिकीट लावून दाखवायची, हा आता एक प्रकारच होऊन बसलाय. गायक जितका जखमी तितका तो 'अस्सल'. ऐकणारेही असे की गाणं बरं आहे का हे विचारायच्या आधी 'हे खरं घडलंय का' विचारतात. घडलेलं असलं की टीका बंद, कारण शोकात असलेल्या माणसाला कोण बोलणार?

माझा आक्षेप साधा आहे. मेलेल्या माणसाची संमती घेता येत नाही. भाऊ आहे म्हणून बहिणीच्या आयुष्यावर त्याचा मालकीहक्क लागत नाही. चालींबद्दल म्हणाल तर, तसंच्या तसं दिलं असतं तर कोणी विकत घेतलं नसतं, म्हणून साखर लावली. बाकी चालू द्या.

तिन्हीसांज:

सडेतोड, 'अस्सल' बद्दल जे म्हणालात ते अगदी मान्य. घडलंय म्हणून गाणं चांगलं ठरत नाही. पण हा अल्बम त्या माळेतला नाही. अर्धीवही, हक्काचा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी या १६ गाण्यांत 'मी' म्हणून कोण कोण बोलतं ते बघा. सगळे याला आत्मचरित्र म्हणतात, आणि बराच वेळ ज्याचं आत्मचरित्र तो इसमच भेटत नाही.

पहिलं गाणं बहिणीचं. दुसऱ्यात भाऊ येतो, अंत्यविधीला गाडी हाकत, बाहेर लख्ख ऊन. तेवढंच दर्शन देतो आणि जातो. चौथ्यात मनोरुग्णालयातला कोणी रुग्ण बोलतोय आणि भलताच खुशीत आहे. सातवं शीर्षकगीत, तिथे परत ती. बाराव्यात, 'क्लायंबिंग टू द मून'मध्ये, पुन्हा वॉर्डातलाच आवाज. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पायावर उभा राहून तो बोलतो ते थेट शेवटी शेवटी. म्हणजे रडायला बसलेला भाऊ कोपऱ्यात आहे आणि माइक दुसऱ्याच्या हातात.

शीर्षकगीत नीट ऐका. घाबरायला झालंय, तर डॉक्टरांनी सांगितलंय की कागदावर शंभर वेळा लिही, 'मी बरी आहे'. ती लिहायला बसते. मी बरी आहे. मी बरी आहे. मी बरी नाही. तिसऱ्या ओळीत हात घसरतो. या गाण्यात उपमा नाही, चंद्र-तारे नाहीत, 'वेदना' हा शब्द नाही. शाळेतल्या शिक्षेसारखा एक गृहपाठ आहे आणि एक गुलाबी गोळी आहे. दुःखावर गाणी लिहिणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांनी इथे पाऊस पाडला असता.

'क्लायंबिंग टू द मून'मधली नर्सही अशीच. तिला रुग्णाचं लिखाण आवडतं. लिहीत राहा म्हणते, फक्त घरच्यांना त्रास होईल असं काही लिहू नका. ही एक ओळ मला अख्ख्या अल्बमची किल्ली वाटते. या मुलीच्या आजूबाजूला जो तो तिच्या वतीने बोलतोय. डॉक्टर, नर्स, औषधाची चिठ्ठी. तिने बोलायचं ते कुणाला त्रास न होईल इतपत. भावाने काय केलं, तर ती अट मोडली. घरच्यांना त्रास होईल असंच सगळं बाहेर आणलं, आणि घरचा म्हणजे आता तो स्वतःच.

आता पहिल्या गाण्याच्या फरशीबद्दल. ती फरशी खरी आहे, आणि शेवटच्या दिवसाचीच असेल असं धरून चालू नका. १९८२ च्या उन्हाळ्यात, वडील जाण्याच्या जरा आधी, व्हर्जिनियातल्या त्यांच्या घरी एलिझाबेथने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. बाथरूममध्ये ती सापडली मार्कलाच, आणि वेळेत इस्पितळात पोचल्यामुळे वाचली. रात्री तो घरी परतला तर वडिलांनी हातातल्या मासिकातून मान वर केली आणि म्हणाले, ती इतकी उदास असेल असं वाटलं नव्हतं. हे मार्कनेच सांगितलेलं आहे. तेव्हा त्याने ती खोली दारातून पाहिली होती. गाण्यात तो दारातून पाहत नाही, स्वतः फरशीवर आडवा होतो आणि तिथून काय दिसतं ते सांगतो. मांजर दिसतं, फोन ऐकू येतो. 'अरेरे, काय ही अवस्था' म्हणणारा माणूस त्या खोलीत ठेवलेलाच नाही. तिला दयेचा विषय करायचं नाही एवढं त्याने ठरवलेलं दिसतं, आणि त्यासाठी 'ती' म्हणून चाललं नसतं. 'मी'च म्हणावं लागलं असतं.

याला लूट म्हणायचं असेल तर म्हणा. मी नाही म्हणणार. लुटणारा माणूस स्वतःला मधोमध उभं करतो.

चालींबद्दल साखर वगैरे पटलं नाही. 'लास्ट स्टॉप: धिस टाउन' घ्या. गेलेली व्यक्ती निघण्याआधी गावावरून एक फेरी मारते, आपण सोडलेलं जग बघून घेते. सुरुवातीला चिमुकला सूर वाजतो, गुणगुणावासा, आणि मग एकदम गिटारी धडाडतात. त्या फेरीत मजा आहे हो! मेलेलं माणूस पहिल्यांदाच मोकळं फिरतंय. तिथे सारंगी लावून बसलं असतं तर उलट खोटं झालं असतं. शिवाय या घराची विनोदाची जातच तशी दिसते, काळीकुट्ट आणि तोंड वाकडं न करता सांगायची. तिसरं गाणं 'कॅन्सर फॉर द क्युअर' दणदणीत आहे ते त्याच जातीतलं. आठवं 'एफिल्स गॉड' तर नावापासून उलटं आहे, इंग्रजी अक्षरं मागून वाचा, 'डॉग्ज लाइफ' निघेल. असले चाळे ऐन शोकात सुचणं यात मला काही गैर वाटत नाही. सुतकातली घरं आतून पाहिली आहेत त्यांना ते ठाऊक असतं.

शेवटचं 'पी.एस. यू रॉक माय वर्ल्ड'. जुन्या पोस्ट ऑफिसची पायरी, अर्ध्यावर उतरवलेला झेंडा, तिथे बसून हा विचार करतोय की सगळेच मरतायत, तर आता जगायला घ्यावं की काय. 'कदाचित' असं म्हणतो, छाती ठोकून नाही. प्रेमात पडल्याचं त्याला कळलंय तेही कुणाच्या तरी अंत्यविधीत. मघापासून दुसऱ्यांचे 'मी' वागवणारा माणूस इथे पहिल्यांदा आपल्या अंगातला सदरा घालून बसलेला दिसतो.

किरणवाली:

तिन्हीसांज, भारी लिहिलंय. चौदाव्या गाण्याबद्दल, 'डेड ऑफ विंटर'बद्दल थोडी भर घालते, कारण ते माझ्या रोजच्या कामातलं आहे. मी रेडिओथेरपी विभागात असते.

हे गाणं आईचं. किरणांनी घसा धरलाय, अंगावर मार्करने खुणा केल्या आहेत म्हणजे नेम कुठे धरायचा ते कळावं, आणि परकी माणसं दुखणार नाही असं वचन देऊन मोडतात. गाण्यातलं दुःख म्हणून लोक ऐकतात. मला ते केसपेपरसारखं ऐकू येतं, इतकं ते बरोबर आहे.

उपचार सुरू होण्याआधी सीटी काढून आखणी होते. टेबलावर रुग्णाला निजवतो, भिंतींतून लेसरच्या बारीक रेषा अंगावर पडतात, त्या जिथे छेदतात तिथे छातीवर आणि कुशीवर फुल्या मारतो. रोज नेमकी तीच जागा मिळायला हवी, म्हणून आंघोळीत घासू नका अशी ताकीद. फिक्या झाल्या की परत गिरवायच्या. पुष्कळ ठिकाणी सुईने टिंबाएवढं कायमचं गोंदतातही. गाण्यात मार्करही आहे आणि गोंदणंही. कोणीतरी टेबलाशेजारी उभं राहून नीट पाहिल्याशिवाय हे सुचत नाही.

आणि वचनाचं म्हणाल तर, यंत्र चालू असताना खरंच काही दुखत नाही. सुई नाही, चटका नाही, काही मिनिटांत बाहेर. आम्ही तेवढंच सांगतो आणि ते खरं असतं. पण छातीच्या मध्यावर किरण द्यायचे तर अन्ननलिका वाटेत येते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती आतून सोलवटते आणि पाण्याचा घोटही लागतो. आम्ही आजच्या सिटिंगबद्दल बोलत असतो, घरच्यांच्या कानात ते पुढच्या सगळ्या दिवसांसाठी जातं. त्या गाण्यातली परकी माणसं म्हणजे आम्हीच. ऐकल्यापासून मी 'दुखणार नाही' एवढं बोलून थांबत नाही. 'आज दुखणार नाही, पुढे घशाला त्रास होईल, तेव्हा लगेच सांगा', असं बोलते.

सडेतोड यांच्या मुद्द्यावर मत नाही. आईची संमती त्याने घेतली होती की नाही कुणास ठाऊक. नोंद मात्र चोख ठेवली आहे.

श्रोडिंगरची_मनी:

एवढ्या चर्चेत वडील कोण होते ते कोणीच लिहिलं नाही? ह्यू एव्हरेट तिसरे! पुंजभौतिकीतल्या (म्हणजे क्वांटम फिजिक्समधल्या) 'अनेक विश्वां'च्या मांडणीचे जनक. भौतिकशास्त्र शिकलेल्यांपैकी अनेकांना बाप माहीत असतो, मुलगा नाही. संगीतवाल्यांचं बरोबर उलट.

फार खोलात जात नाही. कण मोजण्याआधी अनेक शक्यतांच्या मिश्रणात असतो आणि मोजल्यावर एकच उत्तर मिळतं. मग बाकीच्या शक्यतांचं काय होतं? तेव्हाचं रूढ उत्तर असं की मोजताक्षणी त्या संपतात. एव्हरेट म्हणाले, संपत कशाला हव्यात? समीकरण तसं कुठे म्हणतं? सगळ्या शक्यता घडतात, प्रत्येक आपापल्या फांदीत, आणि पाहणाराही त्यांच्याबरोबर फुटत जातो. प्रिन्स्टनला जॉन व्हीलर यांच्या हाताखाली केलेला हा प्रबंध १९५७ चा. १९५९ मध्ये ते कोपनहेगनला नील्स बोर यांना भेटले, तिथे डाळ शिजली नाही. तोवर ते विद्यापीठ सोडून पेंटागॉनसाठी शस्त्रास्त्रांची गणितं करायला लागलेही होते. १९७० मध्ये ब्राइस डिविट यांनी हा विचार पुन्हा उजेडात आणला, तेव्हा कुठे लोक वाचू लागले. घरात हे गृहस्थ जवळपास मुके. सिगारेट, दारू आणि विचार. मुलाने लिहून ठेवलंय की त्यांच्या निष्प्राण शरीराला हात लावला तेव्हा जाणवलं, यांना कधी स्पर्श केल्याचं आठवतच नाही.

आता एलिझाबेथकडे येतो. वडिलांची इच्छा होती की आपली राख कचऱ्यात टाकावी. आईने ती काही वर्षं फायलींच्या कपाटात ठेवली आणि मग एकदाची त्यांच्या मनासारखी टाकली. एलिझाबेथने शेवटच्या चिठ्ठीत काय लिहिलं, तर मला जाळा आणि कृपा करून फायलीत ठेवू नका. छानशा पाण्यात सोडा, नाहीतर कचऱ्यात टाका, म्हणजे कदाचित योग्य त्या समांतर विश्वात पोचून बाबांना भेटेन.

विज्ञान म्हणून हे चुकीचं आहे. वेगळ्या झालेल्या फांद्यांमध्ये ये-जा होत नाही, तोच तर त्या सिद्धांताचा गाभा. पण ती विज्ञान लिहीत नव्हती. बापाच्या सिद्धांतावर, आईच्या कपाटावर आणि स्वतःवर, अशी एका वाक्यात तिघांवर कोटी करत होती. तिन्हीसांज म्हणतात ती घराची विनोदाची जात ती हीच. चालींमधला खट्याळपणा भावाने बाजारासाठी आणलेला नाही, तो तिच्याही हातात होता.

अवांतर: बीबीसीने २००७ मध्ये बाप-लेकावर 'पॅरलल वर्ल्ड्स, पॅरलल लाइव्ह्ज' हा माहितीपट केला. त्यात तळघरातल्या खोक्यांमधून वडिलांच्या जुन्या ध्वनिफिती निघतात. १९७७ च्या एका फितीत वडील एका भौतिकशास्त्रज्ञ मित्राशी सिद्धांताबद्दल गप्पा मारतायत आणि मागे धाडधाड आवाज येतोय. तो छोटा मार्क, ड्रम बडवतोय. जमलं तर तेवढा भाग तरी बघाच.

सडेतोड:

चिठ्ठीचं माहीत नव्हतं. संमतीचा आक्षेप मागे घेत नाही. साखरेचा घेतो.

अर्धीवही:

सगळ्यांचे आभार, विशेषतः किरणवाली यांचे. 'डेड ऑफ विंटर' मी आजवर वातावरणनिर्मितीचं गाणं म्हणून सोडून देत होतो.

तिन्हीसांज, 'मी' कोण कोण ही यादी डोळ्यासमोर ठेवून परत ऐकलं. पटलं, एक कुसळ सोडून. तुम्ही म्हणता तिला दयेचा विषय केलं नाही. बरोबर. पण गाणं थांबतं कुठे हे तर भावानेच ठरवलं ना? ती रागावलेली, थकलेली, विनोदी अशी सगळी येते, पण येते ती आजारीच. आजाराच्या आधीची एलिझाबेथ कुठे आहे? 'थ्री स्पीड'मध्ये सायकल आणि लहानपण डोकावतं, पण तेही दुखरंच. तिला काय आवडायचं, कोणती गाणी लावायची, धाकट्या भावाला कशी छळायची, यातलं काही कळत नाही. माझं अवघडलेपण आता संमतीपाशी नाही, इथे येऊन थांबलंय.

आणखी एक. या माणसाने वडिलांना कधी गाण्यात घेतलंय का? या अल्बममध्ये ते जवळजवळ नाहीतच. पुढे काय ऐकू?

तिन्हीसांज:

कुसळ मोठं आहे आणि माझ्याकडे त्याला चिमटा नाही. आजाराआधीची एलिझाबेथ या अल्बममध्ये नाही, खरं आहे. ती थोडीफार भेटते त्याच्या आठवणींच्या पुस्तकात, 'थिंग्ज द ग्रँडचिल्ड्रन शुड नो', २००८. गाण्यात ती भरपाई होत नाही, तरी तिथे ती निदान हसत-खिदळत वावरते.

वडिलांसाठी २००५ चा 'ब्लिंकिंग लाइट्स अँड अदर रेव्हेलेशन्स'. दोन सीडी, ३३ गाणी, आणि शेवटच्या गाण्याचं नाव तेच जे नंतर पुस्तकाला दिलं. लवकर झोपतो, लोकांना विचित्र वाटतं, कालचा दिवस कितीही वाया गेला तरी सकाळी उठतो, असल्या बारीकसारीक सवयी सांगत सांगत मध्येच म्हणतो की मी अगदी बापासारखा होत चाललोय, होणार नाही अशी शपथ घेतली होती तरी. त्या डोक्याच्या आत राहणं त्यांना कसं जात असेल, हे आपल्याला कधी समजलंच नव्हतं, असंही म्हणतो. माफ केलं वगैरे घोषणा नाही. इथे मात्र 'मी' पहिल्या ओळीपासून त्याचाच आहे, तुमच्या यादीला जोडून घ्या.

क्रम सांगायचा तर मध्ये २००० चा 'डेझीज ऑफ द गॅलक्सी' ऐका, तो हलका आहे, श्वास घेता येतो. मग 'ब्लिंकिंग लाइट्स', पण ३३ एका बैठकीत नको, दोन सीडी दोन वेळा. पुस्तक शेवटी. आणि मन ठिकाणावर नसेल त्या आठवड्यात यातलं काहीच लावू नका, सरळ कुणाशी तरी बोला.